गोठ्यातले जनावर की माळावरचे? मांसासाठी, कामासाठी आणि भाकड म्हणून सांभाळलेल्या गुरांच्या हिताविषयी विचारणा

जांबोटीकर यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार. आमचे घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला आहे. दावणीला बैलजोडी, दोन भाकड म्हशी, वाढीला लागलेले रेडे आणि काही खोंडे आहेत. दुभती जनावरे वगळली तर बाकीच्यांकडे घरात फारसे कोणी पाहत नाही, आणि माझा प्रश्न नेमका त्यांच्याविषयी आहे.

माझा पुतण्या आयर्लंडमध्ये मांसासाठी गुरे पाळणाऱ्या एका शेतावर नोकरीला आहे. तिकडे गुरे वर्षाचा मोठा भाग कुरणात चरतात आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात गोठ्यात घेतली जातात. गोठ्याची जमीन बहुधा काँक्रीटच्या पट्ट्यांची असते. पट्ट्यांमधल्या फटींतून शेणमूत खालच्या टाकीत उतरते आणि जनावर त्याच पट्ट्यांवर बसते. त्याने दूरध्वनीवरून हे दाखवल्यापासून घरात दोन मते पडली आहेत. माझ्या आईचे म्हणणे असे की जनावराने चार ठिकाणी फिरून चार घास खाल्ले तरच ते सुखी. कोंडून घातलेले जनावर कितीही अंगाने भरलेले असले तरी त्याचे हाल होतात. पुतण्या म्हणतो की पाऊस आणि चिखल वाढला की तिकडची गुरे स्वतःच फाटकाशी येऊन उभी राहतात, मग त्यांना आत घेण्यात जुलूम कसला?

आमच्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झोड असते, एप्रिल-मेमध्ये माळावर काडी उरत नाही, आणि चरायला नेणारे माणूस मिळत नाही. नवा गोठा बांधण्याचा विचार चालू आहे. बांधून ठेवावे, कुंपणात मोकळे सोडावे की चराईच चालू ठेवावी? आणि जनावर सुखात आहे की नाही हे त्याच्याकडे पाहून कसे ओळखावे?

एक विनंती करतो. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानुसार गाय, बैल आणि वासरे यांच्या कत्तलीला बंदी आहे, आणि म्हशी-रेड्यांसाठी १३ वर्षांच्या वयाची अट व अधिकाऱ्याचा दाखला आहे. त्या कायद्यावरचा वाद इथे नको. जनावर शेवटी कुठेही जावो किंवा दावणीलाच म्हातारे होवो, जिवंत असेपर्यंत त्याला आपण कसे ठेवतो एवढेच बोलावे.

सीमाभागातील एक पशुवैद्य यांचे उत्तर

जांबोटीकर, आपण गोठा आणि कुरण असे दोन पर्याय मांडले आहेत. परंतु निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या उसाच्या पट्ट्यात मी रोज पाहतो तो तिसराच आहे. पत्र्याच्या छपराखाली, गव्हाणीकडे तोंड करून, आखूड दाव्याने बांधलेले आणि वर्षानुवर्षे त्याच चार हातांच्या जागेत उठणारे-बसणारे जनावर. त्याला माळाचे मोकळेपण मिळत नाही आणि चांगल्या बंदिस्त गोठ्याचा आरामही मिळत नाही. परदेशातील मांसासाठीच्या गुरांची चर्चा वाचताना हे ध्यानात ठेवावे, कारण तिथे गोठ्यात ठेवलेली गुरेसुद्धा बहुतेक वेळा कप्प्यात गटाने मोकळी असतात.

ब्रिटनमध्ये बंदिस्त पशुपालनाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या ब्रँबेल समितीने १९६५ साली एक अगदी साधी कसोटी सांगितली होती: जनावराला उठता, बसता, वळता, स्वतःचे अंग साफ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत. पुढे ज्यांना पशुकल्याणाची पाच स्वातंत्र्ये म्हणतात त्यांचे मूळ इथेच आहे. या कसोटीवर आपली दावण तपासून पाहा. गेल्या उन्हाळ्यात मी एक रेडा तपासला. त्याच्या शेपटीच्या मुळाशी गोचिडांचा थर बसला होता. तो मान मागे वळवी, दावे ताणले जाई, जीभ तिथवर पोचत नसे; मग तो पुढे सरकून खांद्याचा भाग खुंट्यावर घासत राही, आणि तिथे तळहाताएवढी कातडी उघडी पडलेली होती. खाणे भरपूर होते, अंगावर मांसही चांगले होते. त्याच्या मालकाला वाटत होते की याला काय कमी आहे. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदासुद्धा जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अथवा दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणे ही क्रूरता मानतो, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

आता ओळखायचे कसे, ते सांगतो. गाईगुरे दिवसाच्या २४ तासांपैकी साधारण १० ते १२ तास बसून काढतात आणि रवंथ बराचसा बसूनच करतात. म्हणून गोठ्याची पहिली परीक्षा जमिनीची. गुडघ्यांवर धपकन बसून पाहा. आपल्याला लागले किंवा धोतर-पँट ओली झाली, तर कित्येक पट वजनाच्या जनावराला तिथे बसताना काय होत असेल ते निराळे सांगायला नको. मागच्या पायाच्या घोट्यावरचे केस गेलेले असणे, तिथे सूज असणे, पुढचे गुडघे सोललेले असणे, खुरे वाढून वर वळलेली असणे, या खुणा कठीण किंवा ओल्या जमिनीच्या व न चालण्याच्या आहेत. आयर्लंडमधल्या ज्या पट्ट्यांचा उल्लेख आपण केला, त्यांच्यावरचा मुख्य आक्षेपही हाच आहे, आणि म्हणून काही ठिकाणी त्यांच्यावर रबर घालतात किंवा पेंढ्याच्या अंथरुणाची जागा वेगळी ठेवतात.

दुसरी परीक्षा हवेची. आपण उभे असतो तेव्हा गोठ्याचा वास सहन होतो, पण बसलेल्या जनावराच्या नाकाच्या उंचीवर वाकून पाहा. डोळे चुरचुरले तर तिथे अमोनिया साचलेला आहे आणि फुप्फुसाचे आजार दूर नाहीत. उन्हाळ्यात कुशीची हालचाल मोजा. निवांत बसलेल्या मोठ्या जनावराचे श्वास मिनिटाला साधारण २० ते ३० असतात. ते ६० च्या वर जाऊ लागले की उष्णतेचा ताण सुरू झाला असे समजावे. रेड्या-म्हशींची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे अथणीच्या उन्हात कमी उंचीच्या पत्र्याखाली बांधलेल्या रेड्याची स्थिती झाडाखालच्या बैलापेक्षा कितीतरी वाईट असते. त्याला डुंबायला पाणी किंवा अंगावर फवारा हवाच.

चराई आपोआप चांगली असते, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुभत्या गाईंना गोठा आणि कुरण यांतून निवड करण्याची मुभा दिली होती. या गाई रात्रीच्या वेळी कुरणात जात, दिवसा ऊन वाढले की गोठ्यात येत, आणि पाऊस असला की रात्रीचे बाहेर राहणेही कमी होई. त्या गाई दुभत्या होत्या हे खरे, पण आपल्या मातोश्री आणि पुतण्या या दोघांचेही म्हणणे त्यांनी एकाच वेळी खरे ठरवले आहे. जनावराला दोन्ही हवे असते, आणि केव्हा काय हवे हे त्याला कळते.

मूळचा निपाणीचा, सध्या क्वीन्सलँड

पशुवैद्यांच्या उत्तरात थोडी भर घालतो. मी बिदरला पशुवैद्यकीय शिक्षण घेतले आणि आता ऑस्ट्रेलियात डार्लिंग डाउन्स भागात मांसासाठीच्या गुरांच्या कामात आहे. इथे ज्याला फीडलॉट म्हणतात तो गोठा नव्हे. ते उघड्यावरचे कुंपण घातलेले वाडे असतात, एका जनावरामागे जागा साधारण ९ ते २५ चौरस मीटर, आणि वर छप्पर असेलच असे नाही. जनावराने आयुष्याचा बराच काळ कुरणात काढलेला असतो. शेवटी देशातल्या बाजारासाठी ६०-७० दिवस आणि निर्यातीसाठी १०० दिवस किंवा त्याहून अधिक काळ ते या वाड्यात धान्यावर राहते. म्हणजे "आत की बाहेर" या प्रश्नाचे उत्तर इथे "बाहेर" असे येईल, पण जनावराचे हित त्यावरून ठरत नाही.

इथली पहिली अडचण धान्याची आहे. गवतावर वाढलेल्या पोटाला एकाएकी ७०-८० टक्के धान्य दिले तर आम्ल वाढते, रवंथ थांबतो, पुढे यकृतात गळवे होतात आणि पायही धरतात. म्हणून धान्य दोन-तीन आठवड्यांत पायरीपायरीने वाढवतात आणि थोडा चारा शेवटपर्यंत ठेवतात. हा आजार निपाणीकरांना वेगळ्या रूपात चांगला माहीत आहे. लग्न किंवा यात्रा झाल्यावर उरलेला भात आणि पोळ्या घमेल्याने बैलापुढे ओततात आणि दुसऱ्या दिवशी जनावर आडवे पडलेले असते. प्रेमाने दिलेले असते, पण पोटात घडते ते हेच. दुसरी अडचण फुप्फुसाच्या आजारांची आहे. आईपासून नुकतीच तोडलेली, लांबचा प्रवास करून आलेली आणि अनोळखी गुरांत मिसळलेली वासरे पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक आजारी पडतात. बाजारातून खोंड आणून थेट दावणीला घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वेगळे ठेवणे, विश्रांती, पाणी आणि लाळ्या खुरकूत व घटसर्पाची लस हे आधी करावे.

कुरणाबद्दलही लिहिले पाहिजे. इथल्या उत्तरेकडच्या मोठ्या चराऊ क्षेत्रांत जनावराला मोकळेपण अपार असते, पण वर्षातून एखाद-दोन वेळाच माणूस त्याच्या जवळ जातो. जखम चिघळली, बाळंतपण अडले, पाणी आटले तर मदतीला कोणी नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये वायव्य क्वीन्सलँडमध्ये दीर्घ दुष्काळानंतर अतिवृष्टी आणि गार वारा एकत्र आला आणि लाखो गुरे मेली. दुष्काळाने ती आधीच खंगलेली होती आणि आडोसा कुठेच नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या पुराने आपल्या भागात काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. दावे सोडायला कोणी पोचले नाही म्हणून गोठ्यातच बुडालेल्या जनावरांच्या बातम्या मी इथे बसून वाचत होतो. दोन्ही ठिकाणी संकटाच्या वेळी जनावराला हालण्याची सोय नव्हती.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. इथे उष्ण भागात टिकणारी म्हणून ज्या ब्राह्मन गुरांची ख्याती आहे, ती अमेरिकेत गीर, ओंगोल अशा भारतीय गुरांपासून घडवली गेली, आणि त्या मिश्रणात आपल्या कृष्णाकाठच्या जातीचेही रक्त आहे. ती जात आता आपल्याच नदीकाठी शोधावी लागते, याचे फार वाईट वाटते.

गवळीवाडा, खानापूर

जांबोटीकर दादा, तुमच्या आईंचे म्हणणे मला पटते, कारण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हशी रानात नेऊनच सांभाळल्या. तरीही चराईचे वर्णन करताना लोक फक्त हिरवे गवत पाहतात, म्हणून लिहिते. पावसाळ्यात भातखाचराच्या आणि तळ्याच्या कडेला चरलेल्या जनावराच्या पोटात गोगलगाईंच्या मार्फत यकृतातले चपटे कृमी जातात. श्रावण-भाद्रपदानंतर जबड्याखाली पाणी उतरून सूज दिसते आणि जनावर आतून वाळत जाते. उन्हाळ्यात हिरवे काही उरले नाही की नवखे जनावर घाणेरीच्या पाल्याला तोंड लावते, मग कावीळ होते आणि ऊन लागलेली पांढरी कातडी सोलून निघते. गावाजवळच्या गायरानात गवतापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त आहेत. रानाच्या कडेला बिबट्याची भीती असते, आणि भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य झाल्यापासून पूर्वीच्या वाटांनी गुरे नेता येत नाहीत. चराईला माणूस लागते, ते माणूस समजदार लागते, आणि आमची मुले आता बेळगावला किंवा गोव्याला कामाला जातात. त्यांना मी दोष देत नाही.

माझे खरे म्हणणे रेडकांविषयी आहे. आपण बैल, रेडे आणि भाकडांच्या गोठ्यावर बोलतो आहोत, पण रेड्याचे हाल त्याच्या जन्मापासूनच सुरू होतात. म्हैस पान्हा सोडेपर्यंत रेडकाला सडाला लावायचे, दोन घोट झाले की ओढून खुंटीला बांधायचे, आणि सगळे दूध डेअरीला घालायचे, हे घराघरात चालते. पारडी असली तर तिला थोडे अधिक मिळते. रेडकू असले तर ते गोठ्याच्या सगळ्यात ओल्या कोपऱ्यात, तोंडात दोरी चघळत, पोट मोठे आणि बरगड्या उघड्या असे उभे असते. एक दिवस पातळ हगवण लागते आणि ते जाते. दिवाळीच्या पाडव्याला आपण म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसे बांधून मिरवतो. त्याच घरातले रेडकू उपाशी असते हे माझ्याने पाहवत नाही. ज्यांना ते नको असेल त्यांच्यापुढे विकण्याची वाटही आता अरुंद झाली आहे, त्यामुळे उपासमार वाढली आहे असे माझे निरीक्षण आहे. गोठा कसाही बांधा, पण जन्मल्यापासून तासा-दोन तासांच्या आत पोटभर चीक, पहिले दोन-अडीच महिने मोजून दूध आणि कोरडी जागा एवढे रेडकाला द्या. हे न देता मोठेपणी त्याला माळ दाखवून काय उपयोग?

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी लिहिलेले मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की यापुढे रेडकाचे दूध ती स्वतः काढून ठेवेल.

पशुवैद्यांना एक विचारतो. जनावरे मोकळी सोडण्याचे ठरवले तर बैल, रेडे आणि भाकड म्हशी एकत्र ठेवता येतील का? शिंगांची भीती वाटते. शिवाय सांगली-कोल्हापूरकडचे मुक्त संचार गोठे मी पाहिले आहेत. त्यांत मुरमाचे मोकळे अंगण असते, ते आमच्या पावसात टिकणार नाही.

सीमाभागातील एक पशुवैद्य

एकत्र ठेवू नयेत. म्हशींचा कप्पा वेगळा, आणि रेडे व खोंडे वयाने व अंगाने सारखी असतील तशी लहान गटांत ठेवावीत. एकदा जमलेला गट मोडू नये आणि त्यात वरचेवर नवे जनावर सोडू नये, कारण प्रत्येक वेळी मान कोणाचा यावरून पुन्हा झुंज होते. ज्या नरांना पैदाशीसाठी ठेवायचे नाही त्यांचे खच्चीकरण लहानपणीच, भूल देऊन, डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. सर्वांना एका वेळी खाता येईल इतकी गव्हाण लांब हवी, प्रत्येकी दोन-अडीच फूट तरी. गव्हाण तोकडी असली की दुबळे जनावर मागे उपाशी उभे राहते आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळी मोकळी व आनंदी दिसतात. फक्त खाताना बांधून, खाणे झाल्यावर सोडले तरी चालते.

अंगणाबद्दल आपले बरोबर आहे. भारतीय मानकांप्रमाणे मोकळ्या गोठ्यात गाईला छपराखाली ३.५ चौरस मीटर आणि उघडे अंगण ७ चौरस मीटर, तर म्हशीला ४ आणि ८ असे प्रमाण आहे. परंतु हे प्रमाण देशासाठी सरासरी धरावे. जांबोटीच्या पावसात छपराखालची जागा त्याच्या दुप्पट धरा आणि अंगण लहान ठेवा. छपराखालचा बसायचा भाग वीतभर उंच घ्या, त्यावर भाताचे तूस किंवा वाळलेला पातेरा घाला आणि ओला झालेला भाग रोज काढा. चिरे बसवणार असाल तर खाण्याच्या जागी बसवा, बसण्याच्या जागी नको. पावसाच्या दिशेला झापे लावा, पण वरचा दीड-दोन फूट भाग उघडा ठेवा. पाऊस ओसरल्यावर दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत दिवसाचे काही तास चराई ठेवता आली तर अवश्य ठेवा. सकाळचे दव सुकल्यावर सोडा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर जंताचे औषध द्या. उसाची वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) घालत असाल तर ती एकटी घालू नका, त्यांतील ऑक्झलेट या घटकामुळे शरीरातले कॅल्शियम जाते. चुन्याची निवळी शिंपडा आणि खनिज मिश्रण द्या.

गोठा होईपर्यंत थांबायची गरज नाही. आजच दावी मोकळी करून अशा लांबीची बांधा की जनावराला शेपटीच्या मुळापर्यंत जीभ नेता येईल, आणि रेड्यांना रोज संध्याकाळी पाणवठ्यापर्यंत चालवा. पहिल्यांदा गट सोडाल तेव्हा सकाळी सोडा, रात्री नको, आणि दोन माणसे दिवसभर जवळ राहतील अशी सोय करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत ढकलाढकली होईल, पण खाली पडलेल्याला कोपऱ्यात कोंडत नाहीत ना, एवढे पाहा. कोपरे काटकोनात न ठेवता बांबू आडवे लावून गोलसर केले तर तेही टळते.